गिऱ्ह्याची नोंद कुणी घेतली?

या पानावर आपण एरवी बोंडअळी, घाटेअळी, बियाण्याची उगवण, पीकविमा असल्या विषयांवर बोलतो. आज जरा आडवाटेनं जाऊ. आजचा विषय आहे गिऱ्हा, मुंजा, खवीस, हाडळ, चकवा आणि विहिरीतल्या साती आसरा. ‘साहेब, तुमचं डोकंबिकं फिरलं का?’ असं कुणी म्हणेल. पण थांबा. भुतं आहेत का नाहीत, हा आजचा प्रश्न नाही. भुतांच्या गोष्टी आहेत, हे तर कुणी नाकारणार नाही. आखाड्यावर रात्री पाणी द्यायला गेलेल्या प्रत्येक माणसाला त्यातली एखादी तरी माहीत असते. या गोष्टी गोळा करण्यात, लिहून काढण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात काही शहाण्या माणसांनी उभी हयात घालवली. त्यांना लोकसाहित्याचे अभ्यासक म्हणतात. ते काम कसं चाललं, आपला परभणी जिल्हा त्यात मागं का राहिला आणि आता आपल्या हातात काय आहे, ते आज पाहू.

कलेक्टर साहेबांची प्रश्नावली

गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. मुंबई इलाख्यात आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. १८८८ साली तो हिंदुस्थानात नोकरीला आला. त्याला संस्कृत चांगलं येत असे, म्हणून लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. १८९६ साली निघालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या गुजरात इतिहासाच्या खंडातही त्याचं लेखन आहे. कचेरीचं काम सांभाळून या माणसानं एक वेगळाच उद्योग आरंभला. त्यानं लोकांच्या समजुतींवर एक प्रश्नावली तयार केली आणि ती इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडं पाठवली.

प्रश्न साधेच होते. तुमच्या गावात सूर्य-चंद्राबद्दल काय समजूत आहे? पाऊस पडावा म्हणून लोक काय करतात? कोणत्या विहिरीत, कोणत्या झाडावर कुणाचा वास आहे? साप मारावा का? रोगराई आली की कुणाला नवस बोलतात? भुतं कोणकोणती आणि ती काय करतात? मास्तर मंडळींनी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून उत्तरं लिहिली आणि पाठवून दिली. विचार करा, ना टेपरेकॉर्डर, ना मोबाईल. नुसता बोरू आणि कागद. तरी कागदांचा ढीग जमला.

जॅक्सनला तो ढीग नीट लावता आलाच नाही. नाशिकचा कलेक्टर असताना बाबाराव सावरकरांच्या शिक्षेच्या प्रकरणात तो क्रांतिकारकांच्या रोषाला कारण झाला होता. त्याची बदली झाली. निरोपादाखल २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. तिथं अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणानं त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे तेव्हाच्या औरंगाबादेत शिकलेला, म्हणजे एका अर्थी आपल्या मराठवाड्याचाच. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. हा इतिहास आपण शाळेत वाचलेला आहे. ज्या साहेबावर त्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या त्याच्या दप्तरात मुंजा-खवीसांच्या गोष्टींचा ढीग होता, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. राज्यकर्ता म्हणून त्याचा हिशेब इतिहासानं केला. त्या कागदांची गोष्ट वेगळी आहे.

ते कागद पुढं रेजिनाल्ड एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याकडं आले. त्यानं त्यावर मेहनत घेतली. १९१४ साली गुजरातचा भाग छापून आला, १९१५ साली कोकणाचा. पुढं १९२४ साली एन्थोवेनचं मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरचं मोठं पुस्तक निघालं.

त्यातला कोकणाचा भाग उघडला तर आपल्या ओळखीची सगळी मंडळी एका रांगेत उभी दिसतात: वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, म्हसोबा, जखीण, लावसट, हाडळ. प्रत्येकाची जात सांगितली आहे. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला पोरगा तो मुंजा, तो पिंपळावर राहतो. बुडून मेलेला तो गिऱ्हा, तो पाण्याकाठी राहतो. आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: शाळामास्तर, अमुक गाव, अमुक तालुका, अमुक जिल्हा. म्हणजे माहिती कुठून आली त्याची पावती तिथंच फाडलेली आहे. हिशेब असा चोख ठेवला म्हणूनच आजही अभ्यासक ती पुस्तकं उघडतात.

परभणीला प्रश्नावली आलीच नाही

आता तुमच्या मनात येईल, त्यात आपल्या परभणीचं काय आहे? जिंतूरच्या डोंगरातलं, गंगाखेडच्या गोदाकाठचं, पूर्णेच्या डोहातलं काही आहे का?

नाही. कारण सरळ आहे. जॅक्सनची प्रश्नावली मुंबई इलाख्यातल्या शाळांना गेली आणि परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाकडं, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. सरहद्दीच्या त्या बाजूच्या शाळामास्तरानं आपल्या गावचा खवीस लिहून ठेवला. या बाजूला विचारायलाच कुणी आलं नाही. आपल्याकडं गोष्टी काही कमी नव्हत्या. त्या उतरवून घेणारा हात नव्हता, एवढंच.

शेतीतही आपण हेच बघतो. ज्या गावात पर्जन्यमापक आहे त्या गावचा पाऊस कागदावर येतो. शेजारच्या शिवारात ढगफुटी झाली तरी कागद कोराच. जे मोजलं, लिहिलं तेच पुढं उरतं.

रान तुडवणारी माणसं

प्रश्नावलीच्या कामात एक उणीव असते. उत्तर देणारा माणूस आपल्याला दिसत नाही. मास्तर शिकलेले, त्यांनी गावकऱ्याचं बोलणं आपल्या शुद्ध भाषेत बसवलं असणार. काही गोष्टी तर ‘साहेबाला कसं सांगायचं’ म्हणून गाळल्याही असतील. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी हे ओळखलं आणि ते स्वतःच गावोगाव, रानोमाळ फिरले.

त्यात पहिलं नाव घ्यावं लागेल दुर्गाबाई भागवत यांचं. जन्म १९१०, निधन २००२. मध्य प्रांतातल्या आदिवासींचा अभ्यास करायला ही बाई त्या काळात एकटी रानात गेली. तिथं विषबाधा झाली आणि काही वर्षं अंथरुणाला खिळून राहावं लागलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बस झालं. बाईंनी त्यानंतर ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहिलं, ते १९५६ साली आलं. लोककथा म्हणजे काय, ती कशी फिरते, कशी बदलते, याची शिस्तशीर मांडणी मराठीत त्यांनी करून दिली. प्रांतोप्रांतीच्या लोककथा त्यांनी मराठी लेकरांसाठीही आणल्या. १९७५ साली त्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीला विरोध केला म्हणून पुढं तुरुंगातही गेल्या.

दुसरं नाव डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे, १९३० ते २०१६. मावळातल्या निगडे गावचं हे लेकरू. लहानपणीच आईबाप गेले, आजीनं आणि मामानं वाढवलं. शिक्षण पडेल ते काम करत घेतलं. खंडोबा, दत्त, नाथ संप्रदाय, तुळजाभवानी, लज्जागौरी असे एकेक विषय त्यांनी मुळापासून खणले. १९८७ साली त्यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठलाचं मूळ शोधायला ते पोथ्यांमध्ये गेले तसेच धनगर-गवळ्यांच्या गोष्टींकडंही गेले. पोथीला जेवढा मान तेवढाच मेंढपाळाच्या तोंडच्या गोष्टीला, ही त्यांची रीत.

धनगरांवरून आठवलं. गुंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन प्राध्यापक होते, १९३४ ते १९९२. ते मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाच्या कथा त्यांच्याच तोंडून टेपवर घेतल्या. जर्मनीहून आलेला माणूस घोंगडीवर बसून रात्र-रात्र ऐकतो आणि आपली पोरं आपल्याच आज्याला म्हणतात, ‘आबा, पुरे करा आता.’ काय म्हणावं!

आणि आपल्या मराठवाड्याचे म्हणावेत असे डॉ. प्रभाकर मांडे. मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केलं. ‘लोकसाहित्याचे स्वरूप’ हे त्यांचं पुस्तक अभ्यासकांच्या हातात असतं. ‘गावगाड्याबाहेर’ या पुस्तकात भटक्या, पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या लोकांची दुनिया आहे. गावाच्या गोष्टी गावात राहणाऱ्यांपेक्षा या फिरत्या लोकांच्या ओठांवर जास्त टिकल्या, हे त्यांनी जाणलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. त्यांच्यामुळं मराठवाड्याचा बराच ऐवज कागदावर आला. पण एका माणसाच्या दोन हातांनी आठ जिल्ह्यांचं रान किती वेचून होणार?

गोष्टीच्या पोटात काय असतं?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण याचा शेतकऱ्याला उपयोग काय? त्याचा हिशेब आता मांडतो.

आधी गिऱ्हा घ्या. जुन्या, पडीक विहिरीत गिऱ्हा आहे, जो उतरतो त्याला ओढतो आणि वाचवायला गेलेल्यालाही सोडत नाही, अशी गोष्ट आपल्याकडं सांगतात. आता विहिरीचा गाळ काढताना होणारे अपघात आठवा. एक जण उतरतो, बेशुद्ध पडतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. बंद पडलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजून प्राणवायू कमी होतो, जड आणि विषारी वायू तळाला साचतात. विहिरीत उतरवून चालवलेल्या डिझेल इंजिनाचा धूरही तसाच जीव घेतो. गोष्ट वायूमुळंच जन्मली असं मी ठासून म्हणणार नाही. पण ज्या गावानं ती जपली त्या गावानं पडीक विहिरीत घाईनं उतरणं टाळलं, हे नक्की.

म्हणून सांगतो. अशा विहिरीत आधी पेटता कंदील दोरानं खाली सोडा. विझला तर उतरूच नका. विझला नाही तरी निर्धास्त होऊ नका, कारण काही विषारी वायूंनी दिवा विझत नाही. आत मोकळी हवा खेळवा, कमरेला दोर बांधा, वर दोन-तीन माणसं ठेवा. कुणी पडलाच तर त्याच्यामागं उडी घेऊ नका. ११२ वर फोन करा.

आता चकवा. अमावस्येच्या रात्री माणूस घरी निघतो, चालून चालून दमतो आणि पहाटे बघतो तर त्याच बांधावर. म्हणतात, चकवा लागला. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि आफ्रिकेच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि त्यांची वाट यंत्रानं मोजली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आल्यावर त्यांना कळलंही नाही आणि ती गोल फिरून आपल्याच वाटेवर आली. म्हणजे आपला आजा खोटं बोलत नव्हता. त्याला जे झालं ते त्यानं बरोबर सांगितलं. त्यानं दोष चकव्याला दिला, शास्त्रज्ञांनी तो आपल्या मेंदूकडं दिला, फरक एवढाच.

तिसरी सटवाई. बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री ती येते, नशीब लिहिते, म्हणून त्या रात्री जागायचं, दिवा विझू द्यायचा नाही. ती भीती उगाच नव्हती. विळ्यानं, दगडानं नाळ कापली की धनुर्वात व्हायचा आणि जन्मल्यापासून साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच बाळं दगावायची. गरोदर बायांना लस मिळू लागली, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली आणि २०१५ साली देशानं नवजात बाळांच्या धनुर्वातावर मात केल्याचं जाहीर झालं. सटवाईची पूजा घरोघरी आजही होते. त्या रात्रीचा मरणाचा धाक मात्र गेला.

साती आसरांचंही असंच. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड, शेजारी म्हसोबा. अभ्यासक म्हणतात, आसरा म्हणजे अप्सरा. विहिरीत थुंकायचं नाही, चपला घालून उतरायचं नाही, लेकरांनी दुपारी एकटं जायचं नाही, हे सगळं आसरांच्या नावानं पाळलं जायचं. पाणी पिण्याचं असताना हा नियम किती मोलाचा होता, ते तुम्हीच ठरवा. मुंजाच्या धाकानं तर गावोगावचे पिंपळ वाचले. त्याच पिंपळावर घुबड आणि पिंगळा राहतो, आणि एक घुबड रात्रीत शेतातले उंदीर खातं ते फुकट.

गोष्ट कुठं मारते?

पण सगळ्या गोष्टी राखण करत नाहीत. काही चावतातही. तेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं.

नाग डूख धरतो, नागाच्या डोक्यावर मणी असतो, धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असं आपण ऐकत आलो. ऐकायला छान आहे. पण धामणीचं खाद्य उंदीर-घुशी आहे. तिला मारलं तर आपण आपलाच राखणदार मारतो. दुसरी गोष्ट आणखी महाग पडते. साप चावल्यावर माणसाला मंत्र घालायला, पान लावायला नेतात आणि मोलाचे तास जातात. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी माणसं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते. मंत्रानं बरा झाला म्हणतात त्याला बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापानं विष सोडलेलंच नसतं. तेव्हा आधी १०८ ला फोन, मग बाकीचं सगळं.

मांडुळाची गोष्ट तर नव्या जमान्याची आहे. हा गरीब साप, शेपटी तोंडासारखी बोथट म्हणून ‘दुतोंड्या’ झाला. मग कुणीतरी पसरवलं की त्यानं गुप्तधन मिळतं, लाखांत जातो. धन कुणाला मिळालं ते दिसलं नाही, पण मांडूळ विकायला निघालेली पोरं पोलिसांच्या हाती लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो पकडणं, जवळ ठेवणं, विकणं गुन्हा आहे. गोष्ट ऐका, पण तिच्यापायी जेलात जाऊ नका.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट करणीची. म्हैस आटली की बोट शेजारच्या एकट्या म्हातारीकडं. भाऊ, म्हैस आटली तर आधी कास बघा, दगडी झाली का बघा, चारा-पाणी आणि क्षारमिश्रण बघा, पशुवैद्यकाला बोलवा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं सांगून त्याला बदनाम करणं, त्याचं जगणं मुश्किल करणं, तसंच साप-विंचू-कुत्रं चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हे या कायद्यानं गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. त्याच कायद्यात पूजा, यात्रा, कीर्तन, हरिकथा, भजन यांना हात लावलेला नाही. गोष्ट सांगायला कुणाची ना नाही. गोष्टीच्या नावानं माणसाला मारायला, लुबाडायला मात्र बंदी आहे.

लोकसाहित्याचा अभ्यासक नेमकी हीच वेगळीक शिकवतो. तो भुताला हाकलत नाही, भुताला घाबरतही नाही. तो विचारतो, ही गोष्ट कोण सांगतो, कुणाला सांगतो, आणि ती सांगितल्यानं काय होतं?

सातबाऱ्यावर विहीर आहे, आसरा नाहीत

आता गावच्या अधिकारी मंडळींशी दोन शब्द. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, झाडांची नोंद असते. त्या विहिरीतल्या आसरांची, त्या झाडावरच्या मुंजाची नोंद कुठंच नसते. पूर्वी शिवारातल्या तुकड्यांना नावं होती: मुंजाचं वावर, म्हसोबाचा माळ, आसराचा डोह. गट नंबर आले आणि नावं मागं पडली. पूर्णेवरच्या येलदरी धरणात, दुधनेवरच्या निम्न दुधना प्रकल्पात गावं गेली, तेव्हा घरांचा आणि जमिनीचा पंचनामा झाला. डोहाकाठच्या गोष्टींचा पंचनामा करायला रकानाच नव्हता. आता बोअर आले, जुन्या बारवा बुजत चालल्या आणि गोष्टी सांगणारी ऐंशीच्या पुढची माणसं एकेक करून जात आहेत.

रकाना नाही म्हटलं खरं, पण एक आहे. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तिच्यात झाडं, पिकं, जनावरं, पाणवठे यांच्यासोबत त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानही लिहायचं असतं. ती नोंदवही नुसती कपाटात ठेवण्याऐवजी उघडा. गावात पवित्र मानलेला पिंपळ कोणता, तो का तोडत नाहीत, आसरांची विहीर कोणती, तिचं पाणी कोणत्या दुष्काळात आटलं नाही, हे त्यात लिहा. तलाठी म्हणा, आताचे ग्राम महसूल अधिकारी म्हणा, किंवा ग्रामसेवक म्हणा, जॅक्सनच्या काळी जे काम शाळामास्तरांनी केलं ते आज तुम्ही आणि गावच्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे.

गोष्ट कशी लिहून घ्यावी, याची रीतही अभ्यासकांनी घालून दिली आहे. ती अशी:

सांगणाऱ्याच्या सवडीनं जा. पेरणी-काढणीच्या धांदलीत नको. वेळा अमावस्येला शेतात जेवणं झाल्यावर किंवा दिवाळीनंतर थंडीत शेकोटीजवळ माणूस मोकळा बोलतो.

‘हे खरं का हो?’ असं विचारू नका. तो प्रश्न आला की म्हातारं माणूस ओशाळतं आणि गप्प होतं. ‘पुढं काय झालं?’ एवढंच विचारा.

त्याच्याच बोलीत लिहा. तो ‘इहीर’ म्हणाला तर ‘विहीर’ करू नका.

सांगणाऱ्याचं वय, गाव, त्यानं ती कुणाकडून ऐकली आणि तुम्ही कोणत्या तारखेला ऐकली, हे खाली टाका. नाव लिहायचं तर त्याची परवानगी घ्या.

तीच गोष्ट दुसऱ्यानं वेगळी सांगितली तर दोन्ही लिहा. एक खरी, एक खोटी असं ठरवू नका. मानवतचा खवीस आणि सोनपेठचा खवीस वेगळा निघाला तर तीच खरी माहिती.

बायांना विचारायला विसरू नका. सटवाई, आसरा, हाडळ यांच्या गोष्टी बाप्यांपेक्षा त्यांच्याकडं जास्त आहेत. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण बघा. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूनं खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. दळणाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, पण ओव्या वाचल्या. जनाबाईच्या गंगाखेडच्या जिल्ह्याला हे जास्त सांगायला नको.

आणि मोबाईल आता प्रत्येक पोराच्या खिशात आहे. जॅक्सनच्या मास्तरांकडं बोरू होता, सोन्थायमरकडं टेप होता. आपल्या पोरांच्या हातात त्याच्या दसपट चांगलं साधन आहे. आजीचा आवाज अर्धा तास टेप करायला पैसा लागत नाही.

बियाण्याचं आपण काय करतो? चांगलं कणीस दिसलं की ते बाजूला काढून बियाण्याला ठेवतो. बी आहे तोवर पीक पुन्हा उभं करता येतं. गोष्टींचंही तसंच आहे. त्यातलं चांगलं काय, टाकाऊ काय, ते पुढची पिढी निवडेल. तिच्यासमोर निवडायला काहीतरी असलं पाहिजे. या हिवाळ्यात प्रत्येक गावानं पाच गोष्टी जरी कागदावर उतरवल्या, तरी जॅक्सनच्या वेळी कोरं राहिलेलं परभणीचं पान भरायला सुरुवात होईल. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.